बाबांचा बावीस पानी रिपोर्ट

गणपती जाऊन चार-पाच दिवस झाले असतील. हैदराबादला मी ऑफिसच्या बसमध्ये होतो, तारनाक्याच्या सिग्नलला बस अडकली होती, आणि भालकीहून बाबांचा फोन आला. "कामाला जालालास का? ऐक जरा. माझ्या रक्तातलं जस्त कमी झालंय आणि तांबं वाढलंय."

बाबा निवृत्त शाळामास्तर. वय सहासष्ट. आयुष्यभर मुलांना "तांबे व जस्त यांच्या मिश्रणातून पितळ बनते" हे पाठ करून घेतलेला माणूस स्वतःबद्दलच असं बोलायला लागला, म्हणून मला आधी हसू आलं. मग त्यांनी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला आणि हसू गेलं. बावीस पानं. घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या एका लॅबचं पॅकेज होतं. कोलेस्टेरॉल, साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड हे तर होतंच. पण शेवटच्या पानांवर जस्त, तांबं, सेलेनियम, मॅग्नेशियम, क्रोमियम, शिसं, कॅडमियम अशी एक लांब यादी होती आणि त्यातल्या दोन ओळी लाल रंगात होत्या. जस्त ६१, तांबं १५२.

आमच्या घरात रिपोर्टला सगळे का घाबरतात, ते आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या चुलत भावाला, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, कलबुर्गीला रस्त्यातच हृदयविकाराचा झटका आला. वय त्रेचाळीस. बारीक अंगाचा, सिगारेट नाही, दारू नाही. गाडीत शेजारी बसलेल्या मित्राला वेळेवर कळलं, म्हणून तो वाचला आणि आता त्याच्या छातीत दोन स्टेंट आहेत. त्यानंतर घरातल्या सगळ्यांनी तपासण्या केल्या. बाबांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १६८ निघालं. डॉक्टरांनी रात्रीची स्टॅटिनची गोळी सुरू केली. हे जूनमधलं. सप्टेंबरच्या या बावीस पानी रिपोर्टमध्ये एलडीएल ८८ वर आलेलं होतं. गोळी तिचं काम चोख करत होती. पण ८८ हिरव्या रंगात होतं आणि हिरव्याकडे कोण बघतो?

बाबांनी कुठलासा व्हिडिओ पाहिला. त्यात एक गृहस्थ सांगत होते की कोलेस्टेरॉल हा आजारच नाही, खरं कारण शरीरात जस्त कमी पडणं हे आहे. मूळ सुधारा, गोळ्या आपोआप सुटतील. बाबांच्या हातात तर लाल शाईतला पुरावा होता. त्यांनी मला विचारलं, "तुला इंग्रजी कागद वाचता येतात, तू बघ बरं यात तथ्य आहे का." मी बघितलं. आणि इथे मला कबूल करायला हवं की पुढचा घोळ माझा आहे. मला रात्री बारा वाजता इंटरनेटवर "जस्त आणि कोलेस्टेरॉल" यावर ढीगभर निबंध सापडले, त्यातले चार मी वरवर वाचले, आणि ५० मिलिग्रॅम जस्ताच्या गोळ्यांची बाटली ऑर्डर करून भालकीच्या पत्त्यावर पाठवून दिली. दिवसाला एक, असं सांगितलं. बाबांनी मनाने दोन सुरू केल्या आणि स्टॅटिन बंद केली. मला दोन्ही गोष्टी तीन महिन्यांनी कळल्या.

आधी तो जस्त-तांब्याचा सिद्धांत काय आहे ते बघू, कारण तो अगदीच हवेतला नाही. १९७३ मध्ये लेस्ली क्लेव्हे नावाच्या अमेरिकन संशोधकाने उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाण्यात तांब्याच्या मानाने जस्ताचं प्रमाण वाढवलं की उंदरांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, असं त्याला दिसलं. पुढे त्याने यावरून माणसाच्या हृदयविकाराबद्दलही मोठा सिद्धांत मांडला. १९८४ मध्ये एका तरुणाला मुद्दाम कमी तांब्याचा आहार देऊन त्याचं कोलेस्टेरॉल वाढल्याचं त्याने नोंदवलं. एका तरुणाला. हा एक आकडा लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. क्लेव्हेच्या हिशेबाने जस्त जास्त आणि तांबं कमी हे वाईट. बाबांचं बरोबर उलटं होतं, म्हणजे क्लेव्हेच्या मते बाबांनी पेढे वाटायला हवे होते. व्हिडिओवाल्याच्या मते तेच आकडे धोक्याचे होते. एकाच रिपोर्टवरून दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एकच प्रश्न विचारतो : आत येणारा डेटा तरी बरोबर आहे का? हा प्रश्न मी बाटली ऑर्डर करण्याआधी विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आमच्याकडे येळवस म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सण. लातूर-उस्मानाबादच्या वाचकांना सांगायला नको; इतरांसाठी एवढंच, की मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. त्या दिवशी मी शेतात गेलो तर बाबांना बांधावर चढताना दम लागत होता. विचारलं तर म्हणाले, "वयच झालं." आईने शांतपणे सांगितलं, "ती रात्रीची गोळी यांनी दसऱ्यापासून सोडलीय." आंबिलाचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

चार दिवसांनी रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल २४६, ट्रायग्लिसराइड १९५, एचडीएल ३३. यावरून एलडीएल १७४. म्हणजे गोळी सुरू होण्याआधी होतं त्यापेक्षा थोडं जास्तच. आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल ४१ वरून ३३ वर.

"यावरून एलडीएल" असं मी मुद्दाम लिहिलं. बहुतेकांना वाटतं की लॅब एलडीएल मोजते. बऱ्याच ठिकाणी ते मोजत नाहीत, काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, उरतं ते एलडीएल. बाबांचं २४६ वजा ३३ वजा ३९, बरोबर १७४. हे सूत्र १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिलं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही, आणि त्याच्या खालीही ट्रायग्लिसराइड जसं वाढतं तसं ते कच्चं होत जातं. आपल्याकडे भात, साखरेचा चहा आणि बसून काम यामुळे ट्रायग्लिसराइड वाढलेलं असणं हे नेहमीचं. म्हणून हल्ली डॉक्टर 'नॉन-एचडीएल'ही बघतात. एकूणमधून एचडीएल वजा, बस. तुमच्या रिपोर्टवर छापलेलं नसेल तरी मनातल्या मनात काढता येतं.

बिदरच्या एका फिजिशियनकडे आम्ही गेलो. वयस्कर डॉक्टर, कन्नड, मराठी, दखनी तिन्हीत सारख्याच वेगाने बोलणारे. मी बावीस पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकही पान उलटलं नाही. बाबांना विचारलं, "गुरुजी, हे रक्त दिलं तेव्हा तब्येत कशी होती?" बाबा म्हणाले, "गणपतीत सर्दी-ताप झाला होता. दोन दिवसांपूर्वीच उतरला होता, म्हणूनच तर तपासणी केली."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "नववं पान काढा."

नवव्या पानावर सीआरपी होतं. हा यकृतात तयार होणारा एक प्रथिनाचा घटक. शरीरात कुठेही दाह, जंतुसंसर्ग झाला की तो वाढतो. हृदयाच्या धोक्यासाठी त्याची बारीक मोजणी करतात : १ च्या खाली चांगलं, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. पण १० च्या वर गेलं तर हृदयाचा विचार सोडून द्यायचा, अंगात दुसरं काहीतरी चालू आहे असं समजायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. बाबांचं १४ होतं.

आणि ताप-संसर्गात रक्तातलं जस्त आपसूक कमी होतं. ते शरीराबाहेर जात नाही, यकृत ते आत ओढून घेतं. तांबं त्याच वेळी वाढतं, कारण रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनावर बसून फिरतं आणि हे प्रथिनही दाहात वाढतं. गरोदरपणात आणि संततिनियमनाच्या गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून तरुण मुलींच्या रिपोर्टमध्ये तांबं 'जास्त' दिसणं अगदी साधं असतं. थोडक्यात, शेवटच्या पानावरचे दोन्ही लाल आकडे हे नवव्या पानावरच्या तापाचेच दोन पडसाद होते. उत्तर त्याच रिपोर्टात होतं. मी बग शोधून पगार घेतो आणि लॉगमधली ही ओळ मला दिसली नाही.

त्या दिवसानंतर मी हा विषय नीट वाचला, या वेळी दिवसाउजेडी. सगळ्यात आधी कळलं ते हे, की माणसाच्या अंगात दोन ग्रॅमच्या आसपास जस्त असतं आणि त्यातलं रक्तद्रवात फिरणारं जस्त टक्क्याचाही लहानसा अंश. बाकी सगळं स्नायूंत, हाडांत, पेशींत. नळाला धार किती आहे यावरून कारंजा धरणात पाणी किती आहे हे सांगण्यासारखं आहे हे. धार कमी असेल, कारण धरण आटलं असेल किंवा मधे कुणी व्हॉल्व्ह फिरवला असेल. मॅग्नेशियमचंही तसंच, शंभरातला एक भागसुद्धा रक्तद्रवात नसतो. शिवाय जस्ताचा आकडा जेवणानंतर खाली येतो, सकाळी-संध्याकाळी बदलतो, रक्ताच्या पेशी नळीत फुटल्या तर वाढतो, आणि साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त मिसळू शकतं. सूक्ष्म खनिजांसाठी वेगळ्या, खास स्वच्छ नळ्या असतात. बाबांचं रक्त कुठल्या नळीत गेलं, कोण जाणे.

क्रोमियमची कथा तर याहून मासलेवाईक आहे. १९५९ पासून क्रोमियम साखरेसाठी आवश्यक असल्याची चर्चा सुरू झाली. सुरुवातीच्या काळात माणसाच्या रक्तात क्रोमियमचे जे आकडे छापले गेले ते पुढे शंभर पटींहून जास्त चुकलेले निघाले. कारण? रक्त काढायच्या स्टीलच्या सुया आणि प्रयोगशाळेतली धूळ. स्टीलमध्ये क्रोमियम असतं. लोक सुई मोजत होते! २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर म्हटलं की क्रोमियम माणसाला आवश्यक आहे याचाच पटेल असा पुरावा नाही. बाजारात मात्र मधुमेह आणि कोलेस्टेरॉलवाल्यांसाठीच्या कॅप्सूलमध्ये ते अजून आहेच.

बरं, मग कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या लोकांच्या रक्तात तांबं जास्त, जस्त कमी, फेरिटिन जास्त असं सांगणारे एवढे निबंध निघतात, ते खोटे का? नाही. आकडे खरे असतात. फिनलंडमध्ये १९९२ साली १९३१ पुरुषांच्या अभ्यासात फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचा निर्देशक, २०० च्या वर असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. जगभर खळबळ उडाली. पुढच्या अनेक अभ्यासांत ते तसं सापडलं नाही. फेरिटिनही दाहात वाढतं, चरबी चढलेल्या यकृतात वाढतं. ज्याचं पोट सुटलंय, साखर वाढतेय, यकृतावर चरबी आहे, त्याच्या अंगात मंद दाह कायम असतो, आणि त्याच माणसाचं ट्रायग्लिसराइडही वाढलेलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच घरातून निघतात. त्यातली एक दुसरीची आई आहे असं म्हणता येत नाही.

आणि खनिज वरून देऊन बघितल्यावर काय होतं, हेही लोकांनी बघितलं आहे. सेलेनियमचा अमेरिकेतला मोठा प्रयोग ३५ हजारांवर पुरुषांवर २००१ मध्ये सुरू झाला; मुख्य हेतू प्रोस्टेटचा कर्करोग टाळणं हा होता, हृदयाचंही मोजलं. कशालाच फायदा नाही म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. जस्ताबद्दल १९८० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक छोटा निबंध वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. बारा निरोगी पुरुषांना पाच आठवडे रोज ४४० मिलिग्रॅम झिंक सल्फेट दिलं. त्यांचं एचडीएल सरासरी ४०.५ वरून ३०.१ वर आलं. चौथाई घट. गोळ्या थांबवल्यावर काही आठवड्यांत ते हळूहळू पुन्हा वर आलं.

बाबा रोज शंभर मिलिग्रॅम जस्त घेत होते. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा अमेरिकेत ४० मानतात. बाबांचं एचडीएल ३३ झालं ते जस्तामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसाच्या एका आकड्यावर मी एकदा फसलोय. पण जास्त जस्त आतड्यात तांब्याचं शोषण अडवतं, आणि महिनोन्महिने घेतलं तर तांब्याअभावी रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात, हे पक्कं माहीत आहे. बाटली मी पाठवली होती. ही गोष्ट मी आईला अजून नीट सांगितलेली नाही. हा लेख ती वाचेल तेव्हा कळेलच.

जस्त आणि तांबं म्हटल्यावर बिदरच्या माणसाला बिदरी आठवणारच. चौबाऱ्याजवळच्या दुकानांत काळ्याभोर सुरईवर चांदीची वेलबुट्टी दिसते ना, ती सुरई मुळात जस्ताची. सुमारे सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं. चांदी ठोकून झाली की किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडं घालतात. जस्त काळं पडतं, चांदी तशीच लखलखते. तांबं तिथे थोडंसंच असतं, पण ते नसेल तर तो काळा रंग येत नाही. थोडं लागतं, पण लागतंच. सूक्ष्म खनिजांची व्याख्या मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या सुरईत जास्त नीट कळली.

तांब्याचं जास्त होणं म्हणजे काय असतं, हे मात्र महाराष्ट्राने फार जवळून पाहिलंय. लहान मुलांच्या यकृताचा एक भयंकर आजार एके काळी पुण्याच्या आसपासच्या गावांत घराघरांतली बाळं न्यायचा. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी इंग्लंडच्या टॅनर यांच्याबरोबर त्याचा माग काढला. बाळाला वरचं दूध पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवून, ठेवून दिलं जात होतं. दुधात तांबं उतरत होतं. भांडी बदलली आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. आमची आजी "कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवू नका" म्हणून ओरडायची, तिला हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आता आमच्या ऑफिसात निम्म्या टेबलांवर तांब्याची बाटली असते. साधं पाणी ठेवलं तर ठेवा बापडे. पण त्यात लिंबू पिळून दिवसभर ठेवणारेही मी पाहिलेत, त्यांना आमच्या आजीकडे पाठवायला हवं होतं.

मग आपल्याकडे जस्त कमी नसतंच का? असतं. इथे गोष्ट पुन्हा भाकरीवर येते. जस्ताची कमतरता माणसात होते हे १९६० च्या दशकात जगाला दाखवलं ते मूळचे बिहारमधल्या बक्सरच्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. इराणमध्ये त्यांना वाढ खुंटलेली तरुण मुलं भेटली. त्यांचं खाणं म्हणजे बहुतांशी बिनखमिराची गव्हाची रोटी. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं, ते जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. ज्वारीतही ते आहे. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम जस्त हवं असं २०२० मध्ये सांगितलं, अमेरिकेत ११ पुरतं. ही संस्था तारनाक्याला आहे, माझी बस रोज तिच्या फाटकावरून जाते. बाबांचा फोन आला तेव्हा मी तिच्याच दारात होतो म्हणायला हरकत नाही. तिथेच १९७४ मध्ये देवस्थळे आणि गोपालन यांनी ज्वारी खाणाऱ्यांवर एक अभ्यास केला होता : ज्वारीतलं मॉलिब्डेनम वाढलं की लघवीवाटे तांबं जास्त बाहेर पडतं. म्हणजे एकाच भाकरीत तीन-चार खनिजं एकमेकांना ढकलत असतात, आणि आपण त्यातलं एक उचलून त्याची गोळी घेतो.

भाकरी सोडायची असा याचा अर्थ नाही. धान्य भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट फुटतं. येळवशीच्या आदल्या दिवशी मडक्यात ज्वारीचं पीठ आणि ताक आंबायला ठेवतात, ते आंबील म्हणजे नेमकं हेच. भज्जीत तर हरभरा, वाटाणा, तूर, शेंगा, चिंच आणि रानातल्या झाडून सगळ्या पालेभाज्या. एका ताटात एवढी कडधान्यं वर्षातून एकदाच, हाच काय तो दोष. करडईचं तेल, जवसाची चटणी, कलबुर्गीची तूरडाळ, हे सगळं घरात असताना बाबा आणि मी कुठल्या तरी बाटलीत जस्त शोधत होतो.

डॉक्टरांनी शेवटी ती बावीस पानं मिटली आणि म्हणाले, "यात जे हवं होतं तेच नाही." एका कोऱ्या चिठ्ठीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलं : लायपोप्रोटीन (ए). हा एलडीएलचाच एक भाऊबंद. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधला. तो जवळजवळ पूर्णपणे वारशाने येतो. चालून, भात सोडून, जस्त खाऊन तो हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. भारतीय हृदयरोग तज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल पहिल्यांदाच स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात प्रत्येकाने हा एकदा मोजावा असं म्हटलंय. ५० च्या खाली असावा, आणि साधारण चौघांतल्या एका भारतीयाचा तो वर असतो. पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करा, असंही त्यांचं म्हणणं आहे. आपल्या मंडळातली कॉलेजची पोरं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी ही ओळ. उपाशीपोटी जायची गरजही पहिल्या तपासणीला नाही, त्यामुळे तीही सबब गेली.

आण्णाचा ९२ आला. बाबांचा ८१. माझा ७४.

बारीक अंगाच्या, निर्व्यसनी माणसाला त्रेचाळिसाव्या वर्षी झटका का आला, याचं निम्मं तरी उत्तर आम्हाला तीन वर्षांनी एका चिठ्ठीवर मिळालं. बारीक असण्यावर विसंबू नये हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्येच एका फोटोतून दाखवलं होतं. ते आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२. महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांत झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत शंभरातल्या ७९ जणांचा लिपिडचा एखादा तरी आकडा बिघडलेला होता, आणि सगळ्यात जास्त, ७२ जणांचं, एचडीएल कमी होतं. बाबा एकटे नाहीत, एवढाच दिलासा.

बाबांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. "बुरशीपासून काढलेलं औषध," मी त्यांना सांगितलं. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासून पहिलं स्टॅटिन शोधलं. मास्तरांना शोधाची गोष्ट सांगितली की औषध घशाखाली उतरतं, हे मला उशिरा कळलं. एलडीएल ३९ अंकांनी उतरलं की झटका, पक्षाघात वगैरेंचा धोका साधारण पाचव्या भागाने कमी होतो, हेही सांगितलं; त्यांनी वहीत लिहून ठेवलं. दम लागत होता त्यासाठी हृदयाचा फोटो आणि पट्ट्यावर चालायची तपासणी झाली. सुदैवाने तिथे काही निघालं नाही. एप्रिलमध्ये रक्त तपासलं : एकूण १५८, ट्रायग्लिसराइड १७०, एचडीएल ४०, एलडीएल ८४. डॉक्टरांना, घराण्याचा इतिहास बघता, ७० च्या आत हवंय, म्हणून गोळीचा डोस वाढलाय. या वेळी ताप नव्हता आणि हौसेने पुन्हा मोजलेलं जस्त ८८ होतं. तांबं मोजलं नाही. बाबाच म्हणाले, "राहू दे."

माझं एलडीएल १३८ आहे. वय चौतीस. मला गोळी आजच हवी की आणखी सहा महिने चालून-खाऊन बघायचं, यावर डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. मी संध्याकाळी चालतो, बाबा रात्री नऊला फोन करून "किती पावलं?" विचारतात. शाळेत गृहपाठ तपासायचे तोच आवाज.

जस्ताच्या बाटलीत चाळीसेक गोळ्या उरल्या होत्या. फेकायला बाबांचा जीव होईना. आमच्या काळ्या जमिनीत जस्त कमी असतं, लिंबाची पानं पिवळी पडतात, कृषी खात्यातले लोकही झिंक सल्फेट टाकायला सांगतात. एका रविवारी त्यांनी सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या आणि अंगणातल्या लिंबाच्या आळ्यात मिसळल्या. लिंबाला फरक पडला की नाही, ते या येळवशीला गावी गेलो की बघेन.